तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या गाड्यांच्या रेसमध्ये पण पैसेवालाच जिंकतो का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनकामाचं शेड असलेला माणूस गाड्यांच्या रेस बघतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, चहाला बसलेले पाव्हणे विचारतात. की दादा, एफ-वन राहू दे बाजूला, पण शोरूमच्या नाहीतर जुन्या साध्या गाड्या घेऊन बारा तास, चोवीस तास जी रेस पळवतात तिथं तरी साध्या माणसाला चान्स असतो का, का तिथं पण ज्याचा खिसा जड तोच पहिला?

चान्स असतो. पण गाडीच्या किमतीवर लिमिट घातली म्हणून असतो असं जे सगळ्यांना वाटतं ते मला काय पटत नाही.

अमेरिकेत 2006 पासून '24 अवर्स ऑफ लेमन्स' म्हणून एक प्रकार चालतो. नियम काय, तर गाडी 500 डॉलरच्या आतली पाहिजे, म्हणजे आजच्या भावानं चाळीस-पंचेचाळीस हजार धरा. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा), सीट, बेल्ट, टायर, ब्रेक ह्यांचा खर्च त्यात धरत नाहीत आणि ते एकदम बरोबर आहे, कारण ब्रेकला लिमिट लावली तर पोरं काटकसर ब्रेकमध्येच करणार, मग पहिल्याच वळणावर सगळ्यांची बोंब. रेसच्या आधी जज बसतात, गाडी बघतात, पावत्या बघतात, थापा ऐकून घेतात आणि गाडी जास्तीची वाटली तर दर 10 डॉलरमागं एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, कापतात.

आता हा नियम इथं आणून बघा. ज्याची स्वतःची लेथ आहे, मेव्हण्याची शिरोलीला फाउंड्री आहे आणि शेजारच्या शेडात ग्राइंडिंगवाला दोस्त आहे, त्याचं हेडचं काम, मॅनिफोल्डचं कास्टिंग, फ्लायव्हील हलकं करणं सगळं होणार आणि बिल शून्य, कागदावर फार तर मटेरियलचे दोन-चारशे. आणि राधानगरीकडचा एखादा पोरगा ज्याच्या ओळखीत कोण नाही त्यानं तेच काम बाजारभावानं करून घ्यायचं म्हटलं तर लिमिट तिथंच संपली. पावत्या मोजून हे कधी धरता येत नाही. आणि धरायचं तरी कसं, दोस्तानं केलेल्या कामाला काय भाव लावणार तुम्ही?

चॅम्पकारवाल्यांनी (अमेरिकेतलीच असली दुसरी रेस-मालिका, 2009 ला चंपकार नावानं सुरू झालेली) डॉलर सोडून पॉइंट धरले. कुठल्या मॉडेलचे किती पॉइंट ते यादीत ठरलेलं, वरून काही पार्ट बदलला की त्याचे वेगळे, बेरीज 500 च्या वर गेली की लॅप कापल्या. तुम्ही तो पार्ट फुकट आणला का उसना, फरक पडत नाही. मला हे पावत्यांपेक्षा कितीतरी सरळ वाटतं, फक्त यादी बनवणाऱ्याशी वर्षभर भांडणं होत राहणार हे धरून चालायचं.

त्याहून भारी नियम म्हणजे क्लेमचा. लेमन्समध्ये आयोजकांना तुमची गाडी 500 डॉलर देऊन विकत घ्यायचा हक्क असतो. अमेरिकेतल्या छोट्या ओव्हल ट्रॅकवर इंजिनासाठी असले नियम जुनेच आहेत, हरलेल्यानं ठरलेली रक्कम मोजायची आणि जिंकलेल्याचं इंजिन उचलायचं. म्हणजे दोन लाखाचं इंजिन पन्नास हजाराच्या रेसमध्ये घालायला तुम्हाला कोण अडवत नाही, फक्त ते पन्नासला जाईल. तपासणारा लागत नाही, पावती लागत नाही, मालक स्वतःच हात आखडता घेतो.

किमतीच्या लिमिटचं मोठ्या पातळीवर काय होतं ते ऑस्ट्रेलियात बघायला मिळतं. तिथल्या बाथर्स्टच्या ट्रॅकवर 500 मैलांची रेस 1963 ला आली तेव्हा वर्ग पाडले होते ते गाडीच्या विक्री किमतीवर. स्वस्तातली गाडी स्वस्तातल्याशी, महागडी महागड्याशी. ऐकायला किती छान. पण गाडी शोरूममध्ये मिळणारीच पाहिजे म्हटल्यावर कंपन्यांनी काय केलं, तर रेससाठी लागते तसलीच गाडी बनवून शोरूममध्ये ठेवली. 1965 ची फोर्डची कॉर्टिना जीटी 500 नावापासूनच ह्या रेससाठीची. पुढं फोर्डच्या फाल्कन जीटीएचओसारख्या गाड्यांपर्यंत हे गेलं आणि 1972 मध्ये पेपरात, राजकारण्यांत एवढी बोंबाबोंब झाली की हे असले सुपरकार रस्त्यावर विकताय कसे, त्यात जीटीएचओच्या पुढच्या मॉडेलचा, फेज फोरचा, बेतच गुंडाळावा लागला. 1973 पासून नियमच बदलले. खर्च कमी ठेवायला केलेला नियम आणि त्यातून निघाली काय तर रस्त्यावरची रेस कार.

मग उपाय काय म्हणाल तर माझ्या मते पैसे अडवत बसायचं नाही, पैसे टाकून काही फायदाच होणार नाही असं करायचं. आणि लांब पल्ल्याच्या रेसमध्ये हे सोपं आहे, कारण तिथं वेळ जातो तो पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी गाडी थांबवतात त्या जागी. चॅम्पकारमध्ये पेट्रोल भरायला थांबलात की कमीत कमी 5 मिनिटं थांबायचंच. झालं, महागडी फ्युएल रिग, ट्रेनिंग दिलेला पिट क्रू, सगळं बिनकामाचं, चार मित्र कॅन घेऊन आले तरी तेवढाच वेळ. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकला तर 24 तासांच्या रेसमध्ये सुद्धा पिट लेनमध्ये साधे पेट्रोल पंप आहेत, त्याच पंपावर जीटी3 (महागड्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेस कार) भरते आणि त्याच पंपावर छोटी प्रॉडक्शन गाडी. टायरचं तसंच, लेमन्समध्ये ट्रेडवेअर (टायर किती टिकतो त्याचा आकडा) 190 च्या खालचा टायर चालत नाही, म्हणजे दर तासाला झिजणारा चिकट टायर विकत घेण्यात अर्थ उरत नाही. इंजिनाचं म्हणाल तर आपल्या कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर ज्यांनी गो-कार्ट बघितल्यात त्यांना माहिती असेल, रोटॅक्स मॅक्स ह्या कार्ट रेसिंगमधलं इंजिन सील केलेलं असतं, सील तुटलं की गेला बाहेर.

जीटी3 मधला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे वेगवान गाडीला वजन लादायचं, हवा कोंडायची, तो आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यानं गाड्या बरोबरीला येतात, बजेट नाही. शिवाय टेस्टिंगला मुद्दाम हळू चालवून सूट मागणारे निघतातच.

आपल्याकडं असलं काही करायचं तर? जुन्या मारुती 800, झेन, एस्टीम अजून मिळतात. सगळ्यांना एकच देशी टायर, पिटला सक्तीची 5 मिनिटं, इंजिनाला क्लेम. क्लेमवरनं भांडणं होणार, आपला माणूस स्वतः बनवलेलं इंजिन ठरल्या भावात देईल हे मला अवघड दिसतं, म्हणून रक्कम थोडी चढी ठेवायची आणि आधीच सही घ्यायची. पण खरा खड्डा वेगळाच आहे. मोठ्या गाड्यांचे ट्रॅक म्हणजे चेन्नई, कोइमतूर, नाहीतर थेट ग्रेटर नोएडा, आणि इथनं गाडी ट्रकवर घालून न्यायची तर येऊन-जाऊन भाडंच निम्म्या गाडीचं होतं, चेन्नईच्या टीमला मात्र ते पडतच नाही. हे कुठल्याच नियमात धरलेलं नसतं. मी असतो तर सगळ्या टीमचं ट्रकभाडं एकत्र करून एंट्री फीमध्ये सारखं वाटून टाकलं असतं, चेन्नईवाले ओरडले तरी.