बाणाला माहेरचं पाणी

आमच्याकडे रामबागेत नळाला पाणी येतं एक दिवसाआड, पहाटे साडेपाचच्या सुमारास. यायच्या आधी नळ दोनतीनदा खोकतो, हवा फुसफुसते, मग एकदम धार लागते. इंदुरात तिला कुणी नुसतं पाणी म्हणत नाही. ‘नर्मदा आली का?’, ‘आज नर्मदेचा दिवस’, ‘नर्मदा प्यायला, बोरिंग धुण्याभांड्यांना’, अशीच आमची बोली. पुण्याची मावसबहीण पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिला वाटलं, नर्मदा म्हणजे आमच्याकडे कामाला येणारी बाई. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते ऐकून म्हणाल्या, “तशीच आहे गं ती. इतक्या लांबून पहाटे उठून येते.”

पाणी आलं की पहिला तांब्या देवांचा. मग पिण्याची पिंपं, मग मोटर लावून वरची टाकी. आईंनी हा क्रम कधी मोडला नाही आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला तो फार जाचला. मला नऊच्या आत बँकेत पोचायचं असायचं, पाणी जेमतेम पाऊण तास, आणि या नळासमोर हात जोडून उभ्या! मी मागे बादली घेऊन धुमसत असे. बोलले नाही कधी, पण बादली जरा आपटून ठेवायची.

एकदा बहुतेक त्यांनी ते आपटणं ऐकलं. पूजा करताना मला जवळ बसवून घेतलं. आमच्या पंचायतनातला बाण, म्हणजे महादेव म्हणून पुजायचा गुळगुळीत गोटा, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, तपकिरी, आणि त्याच्यावरून जानव्यासारखी एक फिकट रेघ तिरकी गेलेली. शाळिग्राम गंडकीचा, तसा बाण नर्मदेचा, एवढं मला ठाऊक होतं. आईंनी तांब्यातलं पाणी संथ धारेनं त्याच्यावर सोडलं आणि म्हणाल्या, “बघ, बाणाला आज माहेरचं पाणी.” ओला झाल्यावर तो दगड काळाभोर दिसायला लागला आणि रेघ पांढरी उठून आली. माझं माहेर तेव्हा नुकतंच मागे पडलं होतं. त्या सकाळी मला पुढे काही बोलता आलं नाही.

त्यांचं लग्न 1969 मधलं. तेव्हा शहराची तहान बिलावली आणि यशवंतसागर या तलावांवर चालायची, आणि उन्हाळ्यात ती भागायची नाही. सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग, रांगेत भांडणं, घरी आल्यावर एकाच पाण्यात भाजी धुवायची आणि तेच झाडांना. 1970 मध्ये नर्मदेसाठी शहरभर आंदोलन झालं. अभ्यास मंडळ या इथल्या संस्थेची माणसं त्यात होती, विद्यार्थी होते. सासरेही मोर्च्यात गेले होते. पाणी प्रत्यक्ष आलं 1978 मध्ये. त्या दिवशी आईंनी नळाला हळदकुंकू लावलं. नळाला! आता मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मी स्वतः या पाण्याचा रस्ता पाहिला तो बऱ्याच वर्षांनी, महेश्वरला जाताना. महूवरून जाम दरवाजाच्या घाटानं निघालो. पाणी उचलतात ते मंडलेश्वरजवळच्या जलूदला, इंदूरहून सुमारे 70 किलोमीटरवर. नदी तिथे खाली निमाडात, इंदूर वर माळव्याच्या पठारावर. मध्ये विंध्याचा कडा, 400 मीटरांहून जास्त चढ. पंपांनी टप्प्याटप्प्यानं वरच्या वांचू पॉइंटपर्यंत चढवायचं आणि तिथून पुढे उतारानं शहराकडे सोडायचं. पश्चिमेला समुद्राकडे निघालेल्या नदीला आपण वळवून डोंगर चढायला लावतो, दररोज, विजेच्या जोरावर. एका वळणावर रस्त्याकडेला जाडजूड पाइप दिसला. आईंनी गाडी थांबवायला लावली. पदर सावरत खाली उतरल्या, पाइपावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “गार आहे,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “रात्री पंपाशी कोण बसत असेल गं?”

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. तोवर मी देवाचे उपकार मानत होते ते असे वरच्या वर, हात जोडले की झालं. जलूदला रात्रपाळीला बसलेला माणूस, घाटात पाइप फुटला की चिखलात उतरणारी माणसं आणि आमच्या गल्लीत पहाटे लांब चावी घेऊन येणारा व्हॉल्व्हवाला माझ्या त्या हात जोडण्यात कुठेच नव्हते. आईंच्या मनात मात्र ते आधीपासून होते. नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीलाच. अंगणात गोवरीवर दूध उतू घालायचं, गुळाच्या पोळ्या करायच्या, आणि त्यातल्या दोन व्हॉल्व्हवाल्याच्या. आता त्या मीच देते. गेल्या वेळी त्यानं एक उभ्याउभ्या खाल्ली आणि दुसरी रुमालात बांधली, “बिटिया के लिए” म्हणून.

एका वैशाखात मुख्य लाइन फुटली आणि चार दिवस नळ कोरडा होता. टँकरमागे धावून माझा जीव मेटाकुटीला आला होता. आईंनी त्या चार दिवसांत अर्ध्या वाटीत देवांना अंघोळ घातली, ते तीर्थ तुळशीला घातलं आणि ताम्हन फडक्यानं पुसून ठेवलं. तक्रारीचा एक शब्द नाही. मला हे अजून जमत नाही. कुणी नर्मदेच्या पाण्याचा पाइप लावून अर्धा अर्धा तास गाडी धुताना दिसलं की मला राग येतो, अगदी मनापासून येतो. दोघातिघांना मी तोंडावर सांगितलंही आहे.

आईंचे गुडघे आता चालत नाहीत. शहात्तर वर्षं झाली. पहाटे नळ खोकला की आतून आवाज येतो, “आली का?” मी पहिला तांब्या त्यांच्या खाटेशी नेते, त्या दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावतात, मग तो देवघरात जातो. मला उशीर झाला तर त्या रागावत नाहीत, नुसत्या वाट बघत बसतात, आणि ते मला जास्त लागतं.

आज पाणी नाही, उद्या आहे. तांब्या चिंचेनं घासून देवघराच्या उंबऱ्याशी पालथा घातलाय.