राणी आज रिंगमध्ये उतरली
पहाटे चारला राणीला गाडीत घातलं न् पुण्याचा डॉग शो गाठला. घरात आधी अल्सेशियन, मग डॉबरमन, आता बारा वर्षं कारवान, म्हणजे आपली मुधोळ हाउंड जातीची शिकारी कुत्री, तरी रिंगमध्ये शिरताना छातीत धडधडतंच. जजनी ओठ वर करून दात बघितले, खांद्यावरनं हात फिरवला, म्हणाले पळवा, आणि पोरगी अशी लांब ढांगा टाकत पळाली की बास! हिची आई ६३व्या दिवशी रात्री व्याली तेव्हा मी शेजारीच गोणपाटावर बसून होतो, ही सगळ्यात शेवटी आली, श्वासच घेईना, टॉवेलनं चोळचोळ चोळली तेव्हा कुठं चूं केलं. २००५ साली पोस्टानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलेलं, ते अजून जपून ठेवलंय. आपली ही कुत्री शोमध्ये अजून जास्त दिसली पाहिजेत राव. राणी आता पायाशी घोरतीये.