‘चॅनल तीनवर या’: स्कॅनर ऐकायला शिकताना

स्कॅनर, म्हणजे रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस यांची वायरलेसवरची बोलणी ऐकायचं यंत्र, घेतलं तेव्हा पहिल्या आठवड्यात मला अर्धंच संभाषण ऐकू यायचं. एखादी रुग्णवाहिका घराजवळून गेली की तिच्या चालकाचा आवाज खणखणीत यायचा, पण तो ज्याला उत्तर देत होता तो नियंत्रण कक्ष कधीच बोलायचा नाही. गाडी लांब गेली की पुन्हा शांतता. मी स्कॅनर बदलून घ्यायच्या विचारात होतो, पण दोष यंत्रात नव्हता. मी आकडा चुकीच्या बाजूचा भरला होता.

या सेवांचे वायरलेस संच बहुधा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जोरात पुन्हा प्रक्षेपित करतो. मी भरली होती ती रिपीटरची ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, त्यामुळे फक्त जवळच्या गाड्या मिळत होत्या. प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी भरली आणि दोन्ही बाजू स्पष्ट आल्या. तेव्हापासून मी फ्रिक्वेन्सींच्या यादीतला कुठलाही आकडा वहीत लिहिताना तो ‘जाणारा’ की ‘येणारा’ हे आधी बघतो.

ऐकायला बसण्याआधी मी एक काम केलं होतं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांनीही करावं असं मनापासून वाटतं: मी राहतो तिथे हे ऐकायला परवानगी आहे का, हे तपासलं. काही देशांत मोकळीक आहे, काही ठिकाणी परवाना लागतो, तर काही ठिकाणी हे सरळ बेकायदा आहे. आणि परवानगी असली तरी कानावर पडतात ती लोकांच्या घरांचे पत्ते, त्यांची दुखणी. ते मी कुणाला सांगत नाही, आणि ऐकून घटनास्थळी तर कधीच जात नाही.

पुढे टोनने दोन दिवस खाल्ले. एकाच फ्रिक्वेन्सीवर दूरदूरच्या दोन सेवा असू शकतात. त्या एकमेकींच्या कानात शिरू नयेत म्हणून आवाजाखाली एक बारीक सूर सतत सोडलेला असतो, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यान. संच हे खालचे सूर स्पीकरपर्यंत जाण्याआधीच गाळून टाकतो, म्हणून ते आपल्याला जाणवत नाहीत. स्कॅनरमध्ये टोन लावला की तो सूर असेल तरच आवाज उघडतो. मी लावलेला टोन चुकीचा होता आणि मी समजत होतो की तिथे कुणी बोलतच नाही. आता नवी फ्रिक्वेन्सी मी आधी टोन न लावता ऐकतो, स्कॅनरलाच टोन शोधू देतो, मग तो पक्का करतो.

खरा धडा मिळाला तो एका आगीच्या रात्री. अग्निशमन दलाचा मुख्य चॅनल गजबजला होता. बंब निघाले, पोहोचले, आणि घटनास्थळावरचा अधिकारी म्हणाला, ‘सगळ्यांनी चॅनल तीनवर या.’ मी तीनचं बटण दाबलं. तिथे मी विमानांची फ्रिक्वेन्सी साठवली होती! त्यांचा ‘तीन’ हे त्यांच्या संचात भरलेलं नाव होतं, माझ्या स्कॅनरच्या कप्प्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जहाजांची गोष्ट वेगळी. त्यांचा चॅनल १६ म्हणजे जगभर १५६.८०० मेगाहर्ट्झ, या क्रमांकाचा अर्थ सगळ्यांसाठी एकच. बाकी सेवांमध्ये ज्याची त्याची यादी.

त्यांचा ‘तीन’ शोधायला मला कित्येक आठवडे लागले, कारण तो रिपीटरवर नव्हताच. तो थेट चॅनल होता, एका हातसंचाकडून दुसऱ्याकडे. जळत्या इमारतीच्या तळघरात रिपीटरचा भरवसा नसतो, पण दारात उभ्या सहकाऱ्यापर्यंत हातसंच पोहोचतो. काही वॅटची ती ताकद माझ्या खिडकीपर्यंत येणं कठीणच. त्या रात्रीची शांतता म्हणजे काम थांबलं नव्हतं, ते माझ्या ऐकण्याच्या कक्षेबाहेर गेलं होतं.

हे जरा बसतंय तोवर पोलिसांची यंत्रणा ट्रंकिंगवर, म्हणजे अनेक गटांनी मोजक्या फ्रिक्वेन्सी वाटून वापरायच्या पद्धतीवर, गेली आणि मला जुन्या सवयी सोडाव्या लागल्या. प्रश्न एका फ्रिक्वेन्सीवर, उत्तर दुसऱ्याच. बँकेत एकच रांग असते आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जातो, तसंच हे. कंट्रोल चॅनल नावाचा एक प्रवाह अखंड गुरगुरत असतो. कुणी बटण दाबलं की तो त्या गटाला त्या क्षणापुरती मोकळी फ्रिक्वेन्सी देतो. गटाला टॉकग्रुप म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. म्हणजे इथे चॅनल हा माणसांचा गट, फ्रिक्वेन्सी नुसती उसनी. स्कॅनरला कंट्रोल चॅनल आणि टॉकग्रुप दिले की संभाषण सलग लागतं. मात्र यंत्रणा पी२५, टेट्रा की डीएमआर यांपैकी कोणत्या डिजिटल पद्धतीची, हे आधी कळायला हवं. एकाचा डिकोडर दुसऱ्याला चालत नाही.

तरीही आवाज तुटत होता. सिग्नल भरपूर, शब्द मात्र चिरफाळलेले. कारण अनेक मनोरे एकच प्रक्षेपण एकाच फ्रिक्वेन्सीवर करत होते आणि ते माझ्यापर्यंत किंचित पुढेमागे पोहोचत होते. मोठा अँटेना लावल्यावर आणखी बिघडलं. शेवटी छोटा अँटेना, खिडकीपासून दूर, एका मनोऱ्याकडची बाजू उघडी आणि दुसऱ्याकडची भिंतीआड, अशा कोपऱ्यात शब्द जुळले. काही टॉकग्रुप एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्यांना उलगडू नयेत असे सांकेतिक केलेले, आहेत. ते मी यादीतून काढून टाकले. ते बंद ठेवण्यामागे कारण असतं.

परवा आमच्या मागच्याच गल्लीत धूर दिसला. मुख्य चॅनलवर तेच वाक्य आलं, ‘तीनवर या.’ या वेळी मी योग्य कप्प्यावर होतो आणि अंतरही कमी होतं. आधी मुखवट्यातून येणारा श्वासाचा आवाज आला, मग ‘दुसरा मजला, पाणी सोडा’, आणि वीसेक मिनिटांनी, पुन्हा मुख्य चॅनलवर, ‘सगळे जवान बाहेर.’