सॅन्सुई एयू-७१७ : नोंद तिसरी – माहितीपत्रकातले दावे आणि उघडलेली चेसिस

मागच्या नोंदीनंतरचे तीन रविवार याच अॅम्प्लिफायरवर गेले. १९७७ साली आलेल्या एयू-७१७ची जाहिरात सॅन्सुईने मुख्यतः दोन गोष्टींवर उभी केली होती : दोन्ही चॅनेलना स्वतंत्र वीजपुरवठा आणि 'डीसी' (सिग्नलच्या वाटेत कपॅसिटर नसलेला, म्हणून स्थिर प्रवाहही पुढे जाऊ देणारा) पॉवर अॅम्प्लिफायर.

पहिला दावा झाकण काढताच पटतो, कारण आत खरोखरच दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. ही कंपनी मुळात ट्रान्सफॉर्मर बनवणारी होती, आणि तो वारसा इथे उचलतानाच हाताला जाणवतो.

दुसऱ्या दाव्याने मात्र माझे दोन रविवार घेतले. पॉवर विभागाची प्रतिसादकक्षा शून्य हर्ट्झपासून २०० किलोहर्ट्झपर्यंत असल्याचे कंपनी अभिमानाने सांगत असे. आपला कान २० हर्ट्झच्या आसपास थांबतो, त्यामुळे शून्याचा आकडा ऐकण्यासाठी नाही. सिग्नलच्या वाटेतले कपॅसिटर काढल्याने खालच्या स्वरांतला फेज-बदल (लहरीचे वेळेत पुढेमागे सरकणे) कमी होतो, हा त्यातला खरा लाभ. पण ज्या कपॅसिटरने डीसी अडवला असता तोच नसल्यामुळे सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर-जोडीतला किंचित असमतोलही थेट स्पीकरच्या टोकांपर्यंत पोहोचतो. माझ्याकडे डाव्या बाजूला ८ मिलिव्होल्ट ऑफसेट (स्पीकरच्या टोकांवर उरलेला नको असलेला डीसी व्होल्टेज) होता, तर उजव्या बाजूला ६४, आणि तोही स्थिर राहत नव्हता.

कारण सापडले ते गोंदात. सुटे भाग जागी धरण्यासाठी त्या काळी लावलेला गोंद वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काळपट पडतो, थोडा विद्युतवाहक होतो आणि भागांचे पाय खातो. उजव्या ड्रायव्हर बोर्डावरचा गोंद लाकडी काडीने आणि अल्कोहोलने हळूहळू खरवडला, तेव्हा दोन रेझिस्टरांचे पाय हिरवे झालेले दिसले. ते रेझिस्टर आणि जुना ट्रिमपॉट (जुळवणीचा छोटा फिरता रेझिस्टर) बदलून, काही चुकले असल्यास प्रवाह मर्यादित राहावा म्हणून १०० वॉटचा बल्ब मालिकेत जोडून यंत्र सुरू केले; सारे सुरक्षित आहे याची खात्री पटल्यावर बल्ब काढून तासभर तापू दिले आणि मगच ऑफसेट जुळवला. आता तो ४ मिलिव्होल्टवर टिकून आहे.

शक्तीच्या आकड्याविषयीही लिहिले पाहिजे. 'म्युझिक पॉवर', 'पीक पॉवर' अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला आणि चाचणीपूर्वी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवण्याची अट घातली. एबी वर्गाचे अॅम्प्लिफायर साधारण त्याच पातळीवर सर्वाधिक तापतात, त्यामुळे ही अट कठोर होती. प्रत्येक चॅनेलला ८ ओहमवर ८५ वॉट हा एयू-७१७चा आकडा त्या नियमानंतरचा आहे. ८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) १ किलोहर्ट्झला दोन्ही चॅनेल एकत्र चालवून मी २६.५ व्होल्ट मोजले, म्हणजे सुमारे ८८ वॉट; तोवर स्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) लहरीचे माथे कापले गेले नव्हते. तो आकडा पाहून मला मनापासून आनंद झाला.

स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडले आहेत. पुढच्या खेपेला तो रिले बदलून डाव्या बोर्डावरचा गोंदही काढणार आहे.