टाचेच्या चिठ्ठीपासून खुब्याच्या आकड्यापर्यंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या पंचवटीच्या मंडळाने हाडांची मोफत तपासणी ठेवली होती. टाचेला जेल लावून पाय यंत्रात ठेवला आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हातात: ‘धोका’. मी 68 वर्षांची. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा हल्ली हाताला लागत नव्हता, तरी आपली उंची घटली असेल हे मनात न आणता ‘फळीच उंच लावलीय’ म्हणून सुतारालाच बोल लावत होते. चिठ्ठी बघून सूनबाई म्हणाली, “आई, आता डॉक्टरांना दाखवूच.”

हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. टाचेची ती सोनोग्राफीसारखी तपासणी नुसता इशारा देते, निदान डेक्सा स्कॅनवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेवर करायचं, म्हणाले.

पहिली खेप फुकट गेली. गंगापूर रोडच्या एका सेंटरवर पोचल्यावर तिथल्या मुलीने विचारलं, “कॅल्शियमची गोळी कधी घेतली?” सकाळीच, चहानंतर! पोटात न विरघळलेली गोळी असली तर मणक्याच्या चित्रात तिचीही मोजणी होते, म्हणून ती आदल्या दिवसापासून बंद ठेवायची. फोनवर नंबर लावताना हे सांगायला काय झालं होतं? दोन्ही वेळचं रिक्षाभाडं गेलं ते गेलंच.

दुसऱ्या खेपेला साडीच्या पिनासुद्धा घरीच ठेवल्या. एमआरआयसारखं बोगद्यात घालतील ही धास्ती होती. पण नुसतं उघडं टेबल, वरून एक दांडा हळूहळू सरकतो. आधी गुडघ्यांखाली फोमचा मोठा ठोकळा देऊन पाय उचलले, तो मणक्यासाठी. मग पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधलं, ते खुब्यासाठी. पंधरा मिनिटांत मोकळी. किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतात म्हणे.

रिपोर्टवर टी-स्कोर: मणका उणे 1.4, खुबा उणे 2.7. हा आकडा तरुण, धडधाकट बाईच्या हाडांशी तुलना करून काढतात. अडुसष्टीत पंचविशीच्या पोरीशी तुलना. एवढी तर मला बघायला आले तेव्हाही झाली नव्हती! उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

मी म्हटलं, “मणका तर बराय की!” डॉक्टर हसले. संधिवाताने मणक्यांच्या कडांना हाड वाढलंय, यंत्र तेही मोजतं, म्हणून आकडा चांगला दिसतो, म्हणाले. माझ्या बाबतीत खुब्याचाच आकडा खरा धरायचा. नुसत्या मणक्याचा स्कॅन काढून घेतला असता तर मी खुशाल घरी बसले असते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, ऑस्टिओपोरोसिसची गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. मी रविवार धरलाय. त्या अर्ध्या तासात हे समोर बसून मुद्दाम भुरके मारत चहा पितात.