शब्दाची रुंदी कोणाला विचारावी?

मागच्या पावसाळ्यात भाचा आमच्याकडे इंदूरला, रामबागेतल्या घरी, राहायला आला होता. मी हौसेने लिहीत असलेल्या छोट्या कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) सी भाषेतली हेडर फाइल त्याने चाळली. 'वर्ड', म्हणजे प्रोसेसर एका दमात हाताळतो तो आकडा, किती बिट रुंद हे तिथे #इफच्या अटी एकापाठोपाठ लावून ठरवले होते. त्याने विचारले, "मामा, एवढी #इफची माळ कशाला? साइझऑफ लाँग गुणिले आठ लिहून टाका की!" लाँग हा सीमधला पूर्णांकाचा प्रकार, आणि साइझऑफ त्याचा आकार बाइटमध्ये सांगतो; प्रश्न रास्त होता. पण #इफच्या अटी सोडवणाऱ्या प्रीप्रोसेसरचे काम आटोपते तेव्हा कंपायलरने प्रकारांचा विचारही सुरू केलेला नसतो, त्यामुळे #इफमध्ये साइझऑफ चालत नाही.

ती माळ सदोष होती, हे मात्र मला त्याच्यासमोरच कबूल करावे लागले. प्रोसेसरचे नाव पाहून मी रुंदी ठरवत होतो: एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचा ६४ बिटांचा प्रोसेसर) दिसला की ६४. लिनक्सवर हे सहसा खपून जाते, कारण तिथे लाँग आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दोन्ही ६४ बिटांचे असतात. परंतु ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच राहतो, आणि लिनक्सच्याच एक्स३२ एबीआयमध्ये (प्रोग्रामांतील प्रकारांचे आकार वगैरे ठरवणाऱ्या नियमसंचात) प्रोसेसर तोच असूनही लाँग व पॉइंटर दोन्ही ३२ बिटांचे असतात. मेमरीची पाने वाटणारा माझा बिटमॅप (दर पानामागे एक बिट असलेला तक्ता) विंडोजच्या लॅपटॉपवर तपासला, तेव्हा चाळिसावे पान मागितले की आठवे अडवले जात होते. पानाचा बिट गाठायला आकडा तेवढी घरे सरकवावा लागतो; ३२ बिटांचा आकडा ४० घरे सरकवणे सी भाषेच्या नियमांत बसत नाही, आणि हा प्रोसेसर अशा वेळी सरकवण्याच्या संख्येचे खालचे पाचच बिट पाहतो. ४० मधून ३२ गेले, उरले ८. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

मुळात 'वर्ड' हे नावच फसवे आहे. इंटेलच्या पुस्तिकांत तो १६ बिटांचा, एआरएमच्या पुस्तिकांत ३२ बिटांचा, आणि विंडोजच्या हेडरांत आजही १६ बिटांचा आहे. म्हणून ते नाव मी काढून टाकले. बिटमॅपला लाँगची रुंदी हवी असते, ती लिमिट्स.एच या सीच्या हेडरमधल्या यूलाँग_मॅक्सवरून (बिनचिन्ही लाँगच्या कमाल किमतीवरून) काढली: तो ४२९४९६७२९५ असेल तर ३२, १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असेल तर ६४, अन्यथा बिल्ड थांबवणारा #एरर. पत्ता पूर्णांकात साठवताना पॉइंटरची रुंदी लागते, तिथे सी९९ने (सी भाषेच्या १९९९च्या मानकाने) दिलेला यूइंटपीटीआर_टी वापरला. सी२३ या नव्या मानकात यूलाँग_विड्थ, म्हणजे हीच रुंदी, आयतेच मिळते, पण माझे जुने कंपायलर तिथवर पोहोचलेले नाहीत.

साइझऑफची भाच्याची सूचनाही वाया गेली नाही. माळेखाली त्याने सी११चे स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी) लिहिले असून, साइझऑफ लाँग गुणिले CHAR_BIT (एका बाइटमधले बिट) आणि आमचा आकडा जुळला नाही तर बिल्ड तिथेच थांबते.