तुम्ही विचारलंत म्हणून: उद्या तुम्हाला कंटाळा आला तर?

ठाण्यात बसून आम्ही तिघं मास्टोडॉनचा, म्हणजे ट्विटरसारख्या एका सोशल नेटवर्कचा, छोटा सर्व्हर चालवतो, बहुतेक मराठी माणसांचा. नवीन आलेलं कोणी ना कोणी विचारतंच, "काका, हे फुकटात करता. उद्या तुम्हाला कंटाळा आला तर आमच्या अकाउंटचं काय?"

रास्त प्रश्न आहे. मास्टोडॉनला एक मालक नाही. 2016 साली आलेलं हे सॉफ्टवेअर कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवावं आणि बाकीच्या सर्व्हरांशी बोलावं, अशी रचना आहे. त्यामुळे चालवणारा थकला की त्याच्यापुरतं दुकान बंद. मास्टोडॉन.लॉल हा हजारो लोकांचा सर्व्हर 2023 मध्ये असाच मिटला. पैसे संपले म्हणून नाही, रोजच्या द्वेषाला चालवणारा विटला म्हणून.

पैशांचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नसतं. मजकूर हलका असतो, जागा खातात फोटो आणि व्हिडिओ. त्यातही आपल्यापेक्षा परक्यांचेच जास्त, कारण तुम्ही बाहेरच्या कोणाला फॉलो केलंत की त्याच्या फोटोची प्रत आमच्या डिस्कवर येते. जुन्या प्रती नियमित पुसायच्या, स्वेच्छेची वर्गणी घ्यायची, हिशेब सगळ्यांसमोर ठेवायचा. (ऐरोली-महापेला डेटा सेंटरांची रांग असताना आमचा सर्व्हर जर्मनीत का, हेही विचारून होतं. स्वस्त पडतो, बास.)

माणसं दमतात ती तक्रारींनी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरून सुरू झालेला वाद दहाव्या उत्तराला जातीवर येतो. रात्री अकराला रिपोर्ट, आणि दोन्ही बाजू ओळखीच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं आहे हे. पाणी आलं तर कोणाला आठवण नाही, नाही आलं तर बेल वाजते. बाहेरचा अख्खा सर्व्हर ब्लॉक करायचा तर आणखी जपून, कारण तिथल्या भल्या लोकांशी असलेली आमच्या लोकांची नातीही तुटतात. म्हणून असा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, आणि शक्यतो रात्री तर नाहीच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कंटाळा येणारच, हे धरूनच व्यवस्था लावली आहे. डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाचा, पासवर्ड तिघांकडे आहे. तुमचा पत्ता त्या डोमेनवर आहे, ते गेलं तर बाकी सगळं असून उपयोग नाही. बॅकअप रोज होतो आणि वेगळ्या ठिकाणी राहतो. अधूनमधून तो खरंच उघडून, सर्व्हर उभा करून बघतो. न तपासलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. बंद करायची वेळ आलीच तर तीन महिने आधी सांगू. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांना हीच अट असते. तेवढ्यात तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. फॉलोअर तुमच्या मागे येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, त्या आत्ताच डाउनलोड करून ठेवा. आणि खासगी मेसेजमध्ये ओटीपी, मेडिकल रिपोर्ट पाठवू नका. ते एन्क्रिप्टेड नसतात, मनात आणलं तर आम्ही वाचू शकतो.

तरीही काळजी वाटत असेल तर रिपोर्ट बघायला या. रविवार संध्याकाळची पाळी सध्या रिकामी आहे.